आधी हातांना विचारा : जुन्या गेम-मालिकांच्या मालकांना खुलं पत्र

प्रति,
जुन्या गेम-मालिकांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्या सर्व कंपन्या, आणि त्या मालिकांचे नवे भाग बनवणारे सर्व स्टुडिओ यांस,

सप्रेम नमस्कार.

एखाद्या जुन्या मालिकेचा नवा भाग जाहीर झाला की मी त्याचा ट्रेलर त्याच दिवशी बघतो, आणि बहुतेक वेळा लगेच पुन्हा एकदा बघतो. ओळखीची धून संथ लयीत सुरू होते, अंधारातून एखादं हेल्मेट नाहीतर तलवार पुढे येते, नाव झळकतं आणि अंगावर काटा येतो. तो आनंद खरा असतो. तुम्हालाही तो ठाऊक आहे, म्हणून तर तीस-चाळीस वर्षांपूर्वीची नावं तुम्ही इतकी जपून ठेवली आहेत. पण गेम विकत घेऊन कंट्रोलर हातात घेतल्यावर पहिल्या पाच-दहा मिनिटांत जे समजतं, ते ट्रेलरमधून कधीच समजत नाही. अनेकदा त्या पाच-दहा मिनिटांतच मन खट्टू होतं. हे पत्र त्या मिनिटांबद्दल आहे.

माझं म्हणणं थोडक्यात सांगतो. नाव, चेहरा, धून, लोगो ही सगळी तुमची मालमत्ता, आणि ती तुम्ही नीट सांभाळता. पण मालिका खऱ्या अर्थानं ओळखतात ते खेळाडूचे हात. ओळखीच्या घरात अंधारातही हात बरोबर दिव्याच्या बटणावर जातो, तसं ते असतं. कधी उडी मारायची, किती वेळ बटण दाबून धरायचं, कुठे थांबायचं हे डोक्याच्या आधी बोटांना कळतं. नवा भाग काढताना तुम्ही चेहरा जसाच्या तसा ठेवता आणि ही बोटांची सवय मात्र बेफिकिरीनं बदलता. माझी विनंती आहे की हे उलट करा. हाताळणीला हात लावण्याआधी दहा वेळा विचार करा आणि बाकी हवं ते बिनधास्त बदला.

मारिओचंच घ्या. त्याची टोपी आणि मिशी जगभर पोचली, पण ती आली तडजोडीतून. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये पडद्यावरचे ठिपके इतके मोजके होते की तोंड काढायला जागा नव्हती, म्हणून मिशी आली. केसांची हालचाल दाखवणं अवघड, म्हणून टोपी आली. उडीवर मात्र जीव ओतलेला होता. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये बटण जास्त वेळ दाबून धरलं तर उडी उंच जाते, पटकन सोडलं तर बुटकी होते. हवेत असताना दिशा थोडी वळवता येते. धावत येऊन मारलेली उडी लांब पडते, आणि वेगात असताना उलट दिशा दाबली तर मारिओ आधी घसरतो आणि मग वळतो. पहिल्या लेव्हलच्या सुरुवातीलाच पहिला शत्रू समोरून चालत येतो. सूचना नाही, बाण नाही. उडी मारली नाहीत तर मरता आणि शिकता. मारलीत आणि त्याच्या डोक्यावर पडलात तर तो चेपतो, आणि तेव्हाही शिकता. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी हे सगळं अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलं. चेहरा बदलून तीच उडी दुसऱ्या कुणाला दिली असती तरी आम्हाला मालिका ओळखू आली असती. चेहरा तोच ठेवून उडी बिघडवली तर ओळखू येत नाही.

हे कशावरून म्हणतो, ते सोनिकच्या उदाहरणावरून सांगतो, कारण इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं मिळणार नाही. १९९१ च्या पहिल्या गेमपासून सोनिक म्हणजे वेग असं सगळे म्हणतात. जे खेळले आहेत त्यांना माहीत आहे की तिथला वेग जमिनीच्या उतारात असतो. उतारावर खालचं बटण दाबून सोनिकचा गोळा करायचा, तो गडगडत वेग घेतो, त्या जोरावर समोरचा चढ पार होतो किंवा गोल रस्त्यातून वर फिरून येतो. वेग कमी पडला तर चढावरून मागे घरंगळतो, आणि मग दोन पावलं मागे जाऊन पुन्हा जोर घ्यावा लागतो. हवेत उडताना तो जोर तसाच टिकतो. सगळा खेळ या जोराच्या हिशोबाचा आहे. डोळ्यांना निळा हेजहॉग दिसतो, हातांना उतार जाणवतो.

२०१० मध्ये ‘सोनिक ४ : एपिसोड १’ आला. नावातच ४ आकडा घालून तो जुन्या गेमचा थेट वारस म्हणून पुढे आणला गेला. हिरव्या टेकड्या, सोन्याच्या कड्या, ओळखीचे शत्रू असं सगळं जागच्या जागी होतं. पण हवेत असताना दिशेचं बटण सोडलं की सोनिकचा पुढचा जोर संपायचा आणि तो जवळपास सरळ खाली पडायचा. गोळा होऊन उतारावर सुटला तरी पूर्वीसारखा वेग धरायचा नाही. एरवी कुणाच्या लक्षातही येणार नाही असा हा फरक, पण जुन्या खेळाडूच्या हाताला तो पहिल्या उडीतच लागला. बाहेरून सगळं तेच आणि आत मालिकाच नाही, असं झालं.

त्यानंतर ऑगस्ट २०१७ मध्ये सोनिकची मालक कंपनी सेगा हिच्याकडूनच ‘सोनिक मेनिया’ आला आणि अनेक वर्षांत पहिल्यांदाच उतारावरून घसरताना हात निर्धास्त झाले. तो कुणी बनवला हे इतर कंपन्यांनी मुद्दाम बघावं. क्रिश्चन व्हाइटहेड हा मुळात फॅन. आवडीपोटी सोनिकचे जुने गेम स्वतः नव्यानं उभे करून बघणारा. सेगानं आधी त्याच्याकडे ‘सोनिक सीडी’ची २०११ ची आवृत्ती सोपवली, मग त्याला आणि त्याच्यासारख्याच इतरांना बरोबर घेऊन नवा गेम करू दिला. या मंडळींनी जोराचा हिशोब अगदी मूळचा ठेवला, आणि मग त्यावर नव्या युक्त्या, नव्या जागा, नवे बॉस (टप्प्याच्या शेवटी भेटणारे मोठे शत्रू) मनसोक्त रचले. जुन्या लेव्हलही घेतल्या, पण अर्ध्या वाटेवर त्यांना असं वळण दिलं की जुना खेळाडूही चकित व्हावा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘सोनिक फोर्सेस’ आला. तो जास्त मोठा, जास्त झगमगीत, पण हाताळणी पुन्हा ताठर. ये रे माझ्या मागल्या! एकाच कंपनीचे एकाच वर्षातले हे दोन गेम शेजारी-शेजारी ठेवून खेळा, मी या पत्रात जे लिहितो आहे ते सगळं त्यात आहे.

इथे एक दुखरी गोष्ट बोलायला हवी. २०१६ मध्ये एका फॅननं १९९१ च्या ‘मेट्रॉइड २’चा स्वतः केलेला रिमेक, म्हणजे नव्यानं बांधलेला तोच गेम, फुकट प्रसिद्ध केला. त्यावर त्यानं कित्येक वर्षं घालवली होती आणि काम अव्वल होतं. काही दिवसांतच मेट्रॉइडची मालक कंपनी निन्टेन्डो हिच्या कायदेशीर नोटिशीमुळे तो उतरवावा लागला. पुढच्याच वर्षी कंपनीचा स्वतःचा रिमेक आला, आणि तोही चांगला होता, हे मान्यच. हक्क तुमचे आहेत, कायदा तुमच्या बाजूनं आहे, त्यावर माझा वाद नाही. पण त्या माणसाला नंतर ‘ओरी’ मालिकेच्या दुसऱ्या भागासाठी लेव्हल रचण्याचं काम मिळालं, म्हणजे त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी ओळखली. तुमच्या मालिकेची नस ज्याच्या बोटांना कळते असा माणूस तुमच्या दारात उभा असताना त्याच्या हाती फक्त नोटीस पडावी, याचं मला आजही वाईट वाटतं. सेगानं केलं ते इतरांनाही करता येण्यासारखं आहे.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे तुम्हा लोकांना तेच ते हवं. मुळीच नाही. आम्हाला बदल नको असतो हा सर्वांत मोठा गैरसमज आहे, आणि तो खोडून काढायला झेल्डापेक्षा चांगला पुरावा नाही.

१९८६ चा पहिला ‘द लेजेंड ऑफ झेल्डा’ सुरू होतो तेव्हा समोर एक गुहा असते. आत गेलात तर एक म्हातारा तलवार देतो. न जाताही पुढे निघता येतं. वर, डावीकडे, उजवीकडे, कुठेही जा, कुणी अडवत नाही. मग पुढच्या भागांत हळूहळू साचा बसत गेला. एक मंदिर, त्यात मिळणारं एक नवं साधन, त्याच साधनानं हरणारा तिथला बॉस, मग पुढचं मंदिर. १९९८ च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’मध्ये हा साचा कळसाला पोचला आणि २०११ च्या ‘स्कायवर्ड स्वोर्ड’पर्यंत तो जाणवण्याइतका घट्ट झाला. २०१७ मध्ये ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’नं तो मोडून टाकला. सुरुवातीच्या पठारावरची चार छोटी देवळं झाली की पॅराग्लायडर हातात येतो, आणि तिथून हवं तर सरळ शेवटच्या शत्रूच्या किल्ल्याकडे जा. दिसेल तो कडा चढता येतो, दम टिकेपर्यंत. पाऊस सुरू झाला की हात निसटतो आणि अर्ध्या कड्यावर, चिकटून राहायचं की उडी टाकायची हे ठरवावं लागतं. शस्त्रं तुटतात. (त्याचा मला अजूनही राग येतो, पण त्यामुळे मी प्रत्येक लढाईआधी विचार करायला लागलो, हेही तितकंच खरं.) हे करण्याआधी त्या टीमनं १९८६ च्या गेमच्या रूपातला एक सपाट नमुना बनवला होता आणि आग, वारा, लाकूड यांचे परस्परांवर होणारे परिणाम त्यात तपासून पाहिले होते. पंचवीस वर्षांच्या सवयी मोडताना त्यांनी मूळ गेम समोर ठेवला. साचा मोडला आणि ‘कुठेही जा’ हे मूळचं वचन परत आणलं. इतका बदललेला भाग आम्ही डोक्यावर घेतला, कारण हातांना तो पहिल्या गेमच्या जवळ वाटला.

‘रेसिडेंट ईव्हल’चंही तसंच. १९९६ च्या पहिल्या गेममध्ये स्थिर कॅमेरा होता, गोळ्या मोजून मिळायच्या, सेव्ह करायलाही शाईची फीत लागायची. २०१२ च्या सहाव्या भागापर्यंत येता-येता मालिका स्फोट आणि धावपळ यांतच हरवली. पात्रं तीच, भीती गायब. २०१७ च्या सातव्या भागानं कॅमेरा थेट पात्राच्या डोळ्यांत नेला, जुने नायक बाजूला ठेवले, नवं घर आणि नवं कुटुंब आणलं. कागदावर हा सगळ्यात मोठा फरक. पण पिशवीत जागा कमी, गोळ्या कमी, दार उघडताना जीव मुठीत, हे परत आलं. त्या घरात एक पुतळा शॉटगन धरून उभा आहे. ती उचलली की खोलीचं दार बंद होतं, परत ठेवली की उघडतं. मग कुठूनतरी मोडकी शॉटगन शोधून आणायची, पुतळ्याच्या हातात ठेवायची आणि चांगली घेऊन निघायचं. पहिल्या गेममध्येही भिंतीवरच्या शॉटगनच्या जागी मोडकी ठेवावी लागायची, नाहीतर शेजारच्या खोलीचं छत खाली यायचं. जुन्या खेळाडूला हे पाहताक्षणी कळतं आणि नव्याला काहीही माहीत नसताना कोडं म्हणून पुरतं. जुन्याची आठवण काढायची तर अशी काढावी.

‘डूम’बद्दल फार लिहीत नाही. २०१६ च्या भागाआधी चौथ्या भागाचं बरंच झालेलं काम कंपनीनं स्वतःच रद्द केलं, कारण तो डूमसारखा वाटत नव्हता. मग जो आला त्यात आडोशाला लपून बरं व्हायची सोय नाही, शत्रूला जवळ जाऊन संपवलं की तब्येत सुधारते. म्हणजे घाबरलात तरी पुढेच जायचं. १९९३ मध्ये आग्या गोळे चुकवत पुढे पळणारी बोटं इथे लगेच रुळतात. झालेलं काम टाकून देण्याची हिंमत दाखवल्याबद्दल त्या लोकांना माझा सलाम आहे.

रिमेक आणि रिमास्टर (जुनाच गेम, चित्रं नव्यानं उजळलेली) यांची गोष्ट आणखी नाजूक. तिथे एखाद-दुसऱ्या ठिपक्याचा फरकही बोचतो. २०१७ मध्ये ‘क्रॅश बँडिकूट’चे पहिले तीन भाग नव्या रूपात आले. काम मनापासून केलेलं, दिसायला देखणं, आणि लोकांनी ते भरभरून घेतलं. पण पहिल्या भागातल्या दोरीच्या पुलांवर जुने खेळाडू पुन्हा-पुन्हा पडायला लागले. कारण असं, की पात्र कशाला टेकलं हे मोजण्याचा आकार मुळात चौकोनी होता, नव्यात तो खाली गोलसर केला गेला. त्यामुळे फळीच्या अगदी कडेवर पाय पडला की क्रॅश घसरून खाली जातो, मूळ गेममध्ये तो तिथे उभा राहिला असता. शिवाय तिन्ही भागांसाठी एकच हाताळणी घेतली, आणि तिचा पाया तिसऱ्या भागाचा होता. पहिल्या भागातल्या फळ्यांमधली अंतरं पहिल्या भागाच्या उडीसाठी आखलेली होती. उडी बदलली, अंतरं तीच राहिली. चित्रं कितीही सुंदर केली तरी हा तिढा सुटत नाही.

याउलट २०२४ मध्ये आलेली ‘टूम रेडर’च्या पहिल्या तीन भागांची आवृत्ती. मूळ गेमची जमीन सारख्या आकाराच्या चौकोनांची बनलेली आहे आणि नायिका लाराची प्रत्येक हालचाल त्या चौकोनांत मोजलेली आहे. कड्याच्या टोकाशी चालत जायचं, एक उडी मागे घ्यायची, मग धावत सुटून उडीचं बटण धरून ठेवायचं. लारा बरोबर टोकावरून झेपावते. हे ज्याला जमलं त्याला दरीची भीती उरत नाही. नव्या आवृत्तीत आजच्या पद्धतीची हाताळणी दिली आहे, पण जुनीही तशीच ठेवली आहे. आणि एक बटण दाबलं की तिथल्या तिथे नवी चित्रं जाऊन १९९६ ची टोकदार चित्रं येतात. पुन्हा दाबलं की नवी. मी तर लेव्हलमध्ये मध्येच थांबून हे बटण दाबत बसतो. कुणी काय बदललं आणि काय राखलं हे इतक्या उघडपणे दाखवणं मला फार मोठेपणाचं वाटतं.

आणि तिसरं उदाहरण २०२१ चं, ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’च्या तीन जुन्या भागांच्या एकत्रित आवृत्तीचं. त्यांतल्या एका भागात डोनटचं एक दुकान आहे, नाव ‘टफ नट डोनट्स’. पाटीवर बोल्टला लावतात तो षटकोनी नट, मधलं भोक म्हणजे डोनटचं. नव्या आवृत्तीत जुनी चित्रं सरसकट गुळगुळीत केली गेली आणि त्या नटाचे कोपरे जाऊन तो गोल झाला. विनोद पुसला गेला. पाटी कशासाठी तशी होती, हे त्या वाटेवर कुणी थांबून बघितलंच नाही. पाट्या टाकल्या की असं होतं. पुढे कंपनीनं जाहीर माफी मागितली, दुरुस्त्या केल्या, ते योग्यच झालं.

पण त्याच वेळी घडलेली दुसरी गोष्ट मला जास्त गंभीर वाटते. नवी आवृत्ती येण्याआधी जुने तिन्ही गेम ऑनलाइन दुकानांतून काढून टाकले होते. ओरडा झाल्यावर ते संगणकासाठी परत आले. त्याआधी २०२० मध्ये ‘वॉरक्राफ्ट ३’ नव्यानं आला तेव्हा ज्यांनी नवा घेतलाही नव्हता त्यांचा २००२ चा गेमही नव्या सॉफ्टवेअरवर ओढला गेला, आणि स्पर्धा, क्लॅन (खेळाडूंचे गट), क्रमवारी अशा वर्षानुवर्षं चालत आलेल्या सोयी त्यात नव्हत्या. नवा भाग फसला तर वाईट वाटतं, पण माणूस जुना काढून खेळतो. जुनाच हिरावून घेतलात तर त्यानं कुठे जायचं? मालिकेत नव्यानं आलेल्या खेळाडूचाही विचार करा. त्याला नवा भाग आवडला आणि पहिला खेळून बघावासा वाटला तर तो मिळाला पाहिजे. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं २०२३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. २०१० पूर्वी अमेरिकेत निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात विकत मिळत नाहीत, असं त्यात दिसलं. त्याच वर्षी २७ मार्चला निन्टेन्डोच्या थ्रीडीएस आणि वी यू या गेम-यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद झाली आणि फक्त तिथेच मिळणारे कितीतरी गेम कायदेशीर मार्गानं घेणं अशक्य झालं. ज्या मालिकेच्या इतिहासावर तुम्ही नवा भाग विकता, तो इतिहास तुम्हीच कुलूपबंद करता, हे मला पटत नाही.

सर्व्हरचं थोडक्यात सांगतो. २०१३ चा ‘सिमसिटी’ एकट्यानं खेळायचा असला तरी इंटरनेट लागायचं, सुरुवातीचे दिवस सर्व्हर कोलमडलेले आणि शहरांसाठी जागा चिमुकली. इंटरनेटशिवाय खेळायची सोय यायला वर्ष लागलं. २०१५ मध्ये डझनभर लोकांच्या एका स्टुडिओनं ‘सिटीज : स्कायलाइन्स’ आणला, त्यात मोकळी जागा दिली, आणि शहर वसवणारे सगळे तिकडे गेले. नाव तुमच्याकडे राहिलं, खेळणारे राहिले नाहीत.

वेळेबद्दल आणि माणसांबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण हाताळणी माणसांच्या हातात असते. २०१५ मध्ये ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर’चा पाचवा भाग घाईनं बाजारात आला. डिस्कवर शिकवणीचा भाग आणि पार्क बनवण्याचं साधन एवढंच, उरलेला गेम पहिल्याच दिवशी डाउनलोड करायचा. स्केटबोर्डखालचा रस्ता जणू परका झाला होता. २०२० मध्ये व्हिकेरियस व्हिजन्स या स्टुडिओनं पहिल्या दोन भागांचा रिमेक केला आणि एकापाठोपाठ एक युक्त्यांचा कॉम्बो पुन्हा तसाच जुळायला लागला. नंतरच्या भागांत आलेल्या युक्त्या त्यांनी पहिल्या भागाच्या मैदानांतही वापरू दिल्या, तरी हाताला कुठे खटकलं नाही. हे ज्यांना जमलं, तो स्टुडिओ काही महिन्यांतच, जानेवारी २०२१ मध्ये, ब्लिझार्ड या दुसऱ्या गेम-स्टुडिओत विलीन झाला आणि दुसऱ्या कामाला लागला. २०२४ मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउन’ आला, तो इतका नेमका की नायक सार्गोनची झेप आणि तलवार दोन्ही बोटांत भिनतात. समीक्षकांनी वाखाणला, आणि त्याच वर्षी ती टीम पांगवली गेली. ही माणसं पुन्हा एकत्र येणार नाहीत. उडी किती वेळ हवेत राहावी हे ज्यांना मोजता येतं ते लोक रोज घडत नाहीत. मालिकेची मालकी कागदावर असते, पण तिचं ज्ञान या माणसांकडे असतं. एक भाग मनासारखा विकला गेला नाही म्हणून त्यांना विखरून टाकलंत तर पुढच्या भागाला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागेल.

चांगल्याचं कौतुकही करायला हवं. ‘मेट्रॉइड प्राइम ४’ २०१७ मध्ये जाहीर झाला. जानेवारी २०१९ मध्ये निन्टेन्डोचे शिन्या ताकाहाशी यांनी कॅमेऱ्यासमोर येऊन सांगितलं, की काम अपेक्षेच्या तोडीचं होत नाही, म्हणून आम्ही ते पहिल्यापासून सुरू करतो आहोत, आणि मालिकेचे मूळ भाग बनवणाऱ्या स्टुडिओकडे ते परत दिलं. गेम डिसेंबर २०२५ मध्ये आला. त्यावर मतं वेगवेगळी आहेत, पण तो निर्णय आणि तो मोकळेपणा मला कायम आदराचा वाटेल. ‘सुपर मारिओ ब्रदर्स वंडर’च्या वेळी तेझुका यांनी सांगितलं होतं की नमुने करून बघण्याच्या टप्प्यावर टीमला मुदत घातलेली नव्हती. त्याआधीचे, २००६ पासूनचे ‘न्यू’ मारिओ नीटनेटके असले तरी एकमेकांच्या छापाचे झाले होते. ‘वंडर’मध्ये पहिल्याच लेव्हलमध्ये पाइप अळीसारखे वळवळत चालायला लागतात, आणि तरी उडी मात्र तीच, अगदी १९८५ ची.

आता आमच्याबद्दल. आम्ही ट्रेलर बघून लगेच आरडाओरडा करतो, हे मला माहीत आहे. २००१ मध्ये झेल्डाचं ‘विंड वेकर’मधलं कार्टूनसारखं रूप पहिल्यांदा दिसलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. आज त्या काळातले ‘खरेखुरे’ दिसणारे गेम जुनाट वाटतात आणि ‘विंड वेकर’ अजून टवटवीत आहे. म्हणून सांगतो, चित्रं पाहून आम्ही जे बोलतो त्यावर निर्णय घेऊ नका. आमच्या हातात गेम द्या आणि मग काय म्हणतो ते ऐका. कॅपकॉम या कंपनीनं आपल्या रेसिडेंट ईव्हलच्या दुसऱ्या भागाच्या रिमेकआधी अर्ध्या तासाचा डेमो दिला, चौथ्याच्या आधीही दिला. पैसे देण्याआधीच आम्हाला कळलं की हात बसतोय. शंका असलेले लोकही तिथेच निवळले. डेमो द्यायला तुम्ही हात आखडता घेता तेव्हा आम्हाला वाटतं, काहीतरी लपवायचं असणार.

म्हणून माझी मागणी अगदी नेमकी आहे. यापुढे ज्या दिवशी एखाद्या जुन्या मालिकेच्या नव्या भागाची विक्री सुरू कराल, त्याच दिवशी त्याच दुकानात त्या मालिकेचा पहिला गेम, मूळ हाताळणीसकट, सध्याच्या यंत्रांवर विकत मिळू दे. आणि विक्रीच्या किमान महिनाभर आधी नव्या भागाचा वीस मिनिटांचा डेमो मोकळा करा. पहिली लेव्हल पुरेल. त्यात कथा नको, धून नको, मोठा बॉस नको. मोकळी जमीन, एखादा उतार, एखादी दरी आणि उडीचं बटण एवढं द्या. महिनाभरात आम्ही काय सांगतो ते बनवणाऱ्या लोकांपर्यंत जसंच्या तसं जाऊ दे, आणि त्यांनी वेळ मागितला तर तारीख पुढे ढकला. आम्ही थांबू.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
या मालिका पहिल्या भागापासून खेळत आलेला एक खेळाडू